मालकाचा पत्ता

गठ्ठ्यातला चौथा अर्ज उलटला आणि समोर त्याची मुलगी. फोटोतून सरळ त्याच्याकडे बघत होती. केस चापूनचोपून बसवलेले, ओठ मिटलेले, अंगात तो पांढरा शर्ट, ज्याला इस्त्री करताना तिनं तीनतीनदा विचारलं होतं, बाबा, बरा दिसेल ना? सांगायला लाज वाटावी, पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो धंद्याचाच : फोटो अलीकडचा आहे, चेहरा स्पष्ट आहे, चालेल. मग डोळे खाली सरकले, नाव, वय, शिक्षण आणि त्याखाली पत्ता. टेकडीवरचा. बहिणीचा. गठ्ठे वाटणारी बाई पलीकडच्या टेबलावरून बघत होती. तिला कुणाच्याही चेहऱ्यावरचं सगळं वाचायची खोड. ती म्हणाली, "काय हो, पत्ता लागत नाहीये का? तुमच्या टेकडीवरचाच आहे की." तो म्हणाला, "लागतो." आणि रबर परत लावताना ते तुटलं, बोटावर सटकन बसलं.

आठ दिवसांपूर्वीच मुलगी म्हणाली होती, "तिन्ही मुलाखती झाल्या बाबा, आता फक्त पत्त्याची चौकशी राहिलीय." आणि हा शहाणा म्हणाला होता, "मग झालंच की." बावीस वर्षं कंपन्यांसाठी नोकरीच्या उमेदवारांचे खोटे पत्ते हुडकून काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला खोटा पत्ता आठवला नाही. खोटा होता हेच तो विसरला होता. सोळा वर्षांपूर्वी, ती सहा वर्षांची असताना, टेकडीवरच्या शाळेत नाव घालायला म्हणून त्यानंच तो लिहिला होता. त्या शाळेत खालच्या वस्तीतली मुलं घेत नसत, तसं कुणी तोंडानं म्हणत नसे इतकंच. पुढे शाळेच्या दाखल्यावरून कॉलेजचा दाखला झाला, त्यावरून ओळखपत्र, त्यावरून बाकी सगळं. एकावर एक शिक्के बसत गेले आणि कागदावर त्याची मुलगी टेकडीवर राहू लागली. तो मात्र खालीच राहिला, त्याच खोलीत, आणि रोज संध्याकाळी ती तिथेच परत येत असल्यामुळे त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

नियम असा होता की नात्यातला अर्ज आला तर साहेबांना सांगायचं. सांगितलं तर तो अर्ज भिंगाकडे जाणार. भिंग म्हणजे कचेरीतला सगळ्यात तरुण चौकशीवाला. एका घराच्या चौकशीला तीन दारं वाजवायचा, इस्त्रीवाल्याला विचारायचा, कचरा नेणाऱ्याला विचारायचा आणि खोटं सापडलं की शीळ घालत परत यायचा. भिंगाला हे सगळं शिकवलं होतं कुणी? यानंच. त्यानं आजूबाजूला पाहिलं. अर्ज होता तसा चौथ्या जागी ठेवला, गठ्ठा पिशवीत घातला आणि एरवीपेक्षा जरा सावकाशच जिना उतरला, कारण घाईघाईनं जाणाऱ्या माणसाकडे लोक बघतात हे त्याला माहीत होतं.

टेकडी त्याच्याकडे असण्याचं कारण म्हणजे त्याचे शर्ट. कचेरीत सगळ्यात स्वच्छ शर्ट त्याचा, बोलणं मऊ, दारात उभं राहायची रीत बरी. टेकडीवरच्या लोकांना दारात कोण उभं आहे याचा त्रास होऊन चालत नाही, असं साहेब म्हणत. त्यामुळे राहायला खाली आणि कामाला वर, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. त्याला ते आवडायचंही, खोटं कशाला बोला. वरच्या रस्त्यावर बस वळली की हवा बदलायची. झाडांच्या बुंध्यांना चुना लावलेला, कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे, आणि एवढी माणसं राहत असून कुणाचा आवाज म्हणून रस्त्यावर नाही. खाली त्याच्या गल्लीत शेजारच्या घरात कुणी पाणी प्यालं तरी भिंतीतून घोट ऐकू यायचा. कधीतरी खालच्या वस्तीचे अर्जही त्याच्या वाट्याला येत. चौकशीच्या कागदावर 'परिसराचा दर्जा' असा एक रकाना होता, उच्च, मध्यम, निम्न, आणि आपल्याच गल्लीतल्या, आपल्याशी रोज बोलणाऱ्या माणसांच्या नावापुढे त्यानं 'निम्न'वर बरोबरची खूण केली होती. पहिल्यांदा केली तेव्हा हात अडखळला होता. दुसऱ्यांदा नाही अडखळला. उघडी गटारं होती, दारं रस्त्यावर उघडत होती, मग दुसरं काय लिहायचं? नाकासमोर चालणारा माणूस अशी त्याची कचेरीत ख्याती होती आणि ती त्यानं तळहाताच्या फोडासारखी जपली होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर, तिच्यात चौथ्या जागी मुलगी. त्याला ती दुसरी मुलगी आठवली. आठवली म्हणजे काय, ती गेलीच नव्हती कधी, नुसती मनाच्या मागच्या बाकावर जाऊन बसली होती. बारा वर्षं झाली असतील. मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या नोकरीचा तिचा अर्ज होता, पत्ता टेकडीवरचा. चौकशीला गेला तर शेजारी हसले : अहो, ती इथल्या स्वयंपाकीणबाईची मुलगी, आईबरोबर येते, कांदे चिरते, जाते. ती मुलगी त्याच्या मागे बसथांब्यापर्यंत धावत आली होती. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. "काका, एवढं एकदा राहते म्हणून लिहा. आमच्या पत्त्यावर कुणी बोलावतच नाही हो." तो म्हणाला होता, "बेटा, मी असतो तसं लिहितो." आणि त्यानं बाकावर बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'पत्ता मालकाचा. उमेदवार तेथे कामास येते, राहत नाही.' साहेबांना ते वाक्य इतकं पसंत पडलं की पुढच्या खेपेला कागद छापले तेव्हा त्यात नवा चौकोनच आला. 'मालकाचा पत्ता.' शब्द त्याचे. कचेरीत त्याची पाठ थोपटली होती. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं मुलीला ते अगदी रंगवून सांगितलं होतं, बघ, तुझ्या बापाचा शब्द छापून आला. ती दहा वर्षांची होती. तिनं विचारलं होतं, "मग त्या ताईला नोकरी मिळाली का?" तो काय म्हणाला होता ते मात्र आता आठवेना.

त्याच्या पुढच्या वर्षी बायको गेली. गल्लीत दुपारी पोरीला एकटं कुठे ठेवणार, म्हणून बहीण आपणहून म्हणाली, शाळा सुटली की माझ्याकडे येऊ दे, अभ्यास करील, शांतता आहे, टेबल आहे, संध्याकाळी तू घेऊन जा. ताईचे उपकार तो उठताबसता बोलून दाखवायचा. ताई म्हणजे लहानपणी सार्वजनिक नळावर चार बायांना कोपरानं बाजूला सारून याचं तोंड धुऊन देणारी. लग्न होऊन वर गेली तरी तिनं याला टाकला नव्हता. संध्याकाळी मुलीला घ्यायला गेला की ती याला कधी वर यायचे कष्टसुद्धा देत नसे, पोरीबरोबर स्वतः खाली फाटकाशी येई, दोन शब्द बोले, घरी केलेलं काहीबाही डब्यात घालून देई. केवढी माया, त्याला वाटायचं. बसमध्ये मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून जायची. तिच्या हातांना लिंबाचा वास यायचा. अकरा वर्षं तो वास त्यानं छातीत भरून घेतला होता. तो त्याला चांगल्या घरांचा वास वाटायचा, स्वच्छ फरशांचा, पुस्तकांचा, वरच्या हवेचा. गल्लीच्या तोंडाशी गटाराचा भपका आला की तो मुद्दाम तिचा हात आपल्या नाकाशी नेई आणि ती हात ओढून घेई. बापाची चेष्टा तिला आवडत नाही, असं तो समजत आला होता.

इमारतीच्या पहारेकऱ्याला टाळता येईना. वहीत नाव लिहिलं, 'काम' या शब्दापुढे 'चौकशी' लिहिलं. अकरा वर्षांत तो या जिन्यावर चढला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर आला तेव्हा धाप लागली होती, आणि बोलायचं काय ते ठरत नव्हतं. सांगायचं, ताई, मीच आलोय, चिंता नको. दोघांनी हसायचं. चहा प्यायचा. कागद भरायचा. एवढंच तर आहे. त्यानं घंटा वाजवली.

बहिणीनं दार उघडलं. "अय्या, बाळ्या! तू? असा न सांगता?" पन्नाशी उलटली तरी ती त्याला बाळ्याच म्हणे. तो गळ्यातलं ओळखपत्र दाखवून हसला, म्हणाला, "कामावर आहे. तिचा अर्ज माझ्याच वाट्याला—" तेवढ्यात पाठीमागे समोरचं दार उघडलं. समोरची बाई चष्मा कपाळावर चढवून उभी. "कोण आलंय हो वहिनी?" बहिणीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. हातानं तिनं पदर सारखा केला आणि ती म्हणाली, "कंपनीकडचे आहेत. चौकशी करायला आलेत." मग त्याच्याकडे वळून, "विचारा ना. काय विचारायचंय तुम्हाला?"

तुम्हाला. नळावर तोंड धुऊन देणाऱ्या बाईनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. आणि ती बरोबरच होती, हे त्याला त्याच क्षणी कळत होतं. चौकशीवाला भाऊ निघाला तर पोरीची नोकरी गेली. बहीण हुशार, पहिल्यापासूनच हुशार. तरीही त्याला उंबऱ्याबाहेर उभं असल्याची एकदम जाणीव झाली, पायांतल्या चपलांची, घामानं पाठीला चिकटलेल्या शर्टाची. त्यानं कागद काढला. आवाज आपोआप कामाचा झाला. "या पत्त्यावर ही उमेदवार राहते का?" "हो, राहते," बहीण त्याला एकट्याला ऐकू जाईल इतकंच बोलली. "आपलं नातं?" बहीण एवढीशी थांबली. समोरची बाई कान टवकारून होती. "नात्यातलीच आहे," ती तशीच पुटपुटली, आणि मग मोठ्यानं, "थांबा हं, विजेचं बिल आणते, तुम्हाला लागेल ना?" आणि आत गेली, जरा लगबगीनंच.

आता खरं तर गप्प बसायचं. पण बावीस वर्षांची सवय. शेजारी समोर आयता उभा असला की फोटो पुढे करायचा, हे हातालाच माहीत होतं. डोकं नको म्हणेपर्यंत हातानं फोटो पुढे केला होता. "हिला ओळखता आपण?"

समोरच्या बाईनं चष्मा खाली घेतला. "ओळखते की! ही यांच्याकडची. फार कामसू पोरगी हो. दुपारी येते, भांडी घासते, फरशी पुसते, सहाच्या आत सगळं लख्ख. कधी उलटून बोलणं नाही." तिनं आवाज हलका केला. "मी विचारलं होतं वहिनींना, आमच्याकडेही येईल का म्हणून. तर म्हणाल्या, नाही, ती दुसरीकडे कामं धरत नाही. नशीब लागतं अशी मिळायला."

"राहते इथेच?"

"राहते कसली! खालून येते कुठून तरी. इथे राहील का ती?" मग तिला नवल वाटलं. "हिची चौकशी कशाला? हिला काय, नोकरी लागतेय? अगं बाई. म्हणजे कचेरी झाडायला वगैरे का?"

तो म्हणाला, "टेबलावरची." बाई हसली. वाईट नव्हती ती, तिला खरंच गंमत वाटली होती. "बरं झालं, बरं झालं. माझं नाव मात्र कुठे घालू नका हं." आणि दार ओढून घेतलं.

त्याच्या हातात पेन होतं आणि नजर बहिणीच्या घरात शिरली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो ते घर बघत होता, दाराच्या चौकटीएवढं. फरशीत खिडकी उतरली होती. इतकी स्वच्छ फरशी. ती कुणी पुसली हे आता त्याला कळलं होतं, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं ते टेबल, अभ्यासाचं, त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी गच्च रचलेली होती, ती आजकालची नव्हती. आतून हवेची झुळूक आली. लिंबाचा वास. स्वयंपाकघरातल्या मोरीवरून येत होता, भांड्यांच्या साबणाचा. अकरा वर्षं आपण काय हुंगत होतो ते एकदम नाकात भरलं आणि त्यानं जिन्याचा कठडा धरला.

बहीण बिल घेऊन आली, समोरचं दार बंद बघून हलकं बोलली. "काय रे, बोलली काय ती? भोचक आहे मेली."

"ताई, पोरगी इथे काय करायची?"

"म्हणजे? अभ्यास करायची. मला थोडा हातभार लावायची. घरचीच आहे ना."

"घरचीच," तो म्हणाला.

बहिणीला काय ते कळलं. तिचा चेहरा आधी कडक झाला आणि मग एकदम म्हातारा. "बाळ्या, तुला काय वाटतं, हे सोपं होतं मला? कोण कुणाची, वडील काय करतात, कुठे राहतात, हजार चौकशा. तू खालच्या वस्तीत राहतोस हे इथे कुणाला सांगायचं होतं मी? ह्यांना विचारून बघ, मला माहेर आहे हेसुद्धा इथे कुणाला ठाऊक नाही. एकदा एकीनं विचारलं, कामाची का? मी 'नाही' म्हणाले नाही. एवढंच केलं मी. शाळा झाली ना तिची? कॉलेज झालं ना? आता नको उकरून काढूस. पोरीचं होऊन जाऊ दे." तिनं बिल त्याच्या हातात कोंबलं. तिचे डोळे भरले होते आणि ते खरे होते. त्याला वाटलं, ओरडावं. त्याला वाटलं, तिचा हात धरून रडावं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजली आणि बहीण चटकन म्हणाली, "बरं, या तुम्ही."

फाटकाबाहेर, बसथांब्याच्या बाकावर तो बसला. याच बाकावर तो नेहमी कागद भरायचा. अक्षर चांगलं यावं म्हणून खाली पुठ्ठा घ्यायचा, तोही घेतला. घराचा प्रकार : पक्के. दारावर पाटी : आहे. परिसराचा दर्जा : उच्च. इथवर सगळं खरं होतं. शेजाऱ्याची साक्ष. आणि त्याखाली चौकोन, एकाखाली एक, आणि सहावा त्याचा स्वतःचा, 'मालकाचा पत्ता'. इतका चपखल अर्ज बारा वर्षांत दुसरा आला नव्हता. भिंग असता तर शीळ घालत गेला असता. त्याला राग कुणाचा यावा ते ठरेना. बहिणीचा यावा, तर सोळा वर्षांपूर्वी तो पत्ता मागायला हाच गेला होता. समोरच्या बाईचा यावा, तर ती डोळ्यांनी बघितलं तेच बोलली होती, जसं हा आजवर लिहीत आला होता. मुलीचा यावा? अकरा वर्षं ती एका शब्दानं बोलली नाही. रोज खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि तो समजला, अभ्यासानं दमली. राग फिरत फिरत शेवटी आपल्याच पायाशी येऊन बसला. कांद्याच्या वासाची ती मुलगी आता कुठे असेल? गल्ल्यावर तर नाहीच. तिला हा बेटा म्हणाला होता.

त्यानं लिहिलं : 'उमेदवार या पत्त्यावर अकरा वर्षांपासून राहते. शेजारी चांगले बोलतात.' सहावा चौकोन रिकामा ठेवला. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच त्याला नवल वाटलं. बावीस वर्षांची नाकासमोरची चाल त्या बाकावर संपली, आणि वाटलं होतं तसं काही झालं नाही. नुसती बस आली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती आधीच आलेली होती. खोलीत दिवा लागला होता, भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. तिनं चहा टाकला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "बाबा, झाली म्हणे चौकशी. आत्याचा फोन आला होता." "हो का?" "हो. म्हणाली, माणूस चांगला होता, फार खोदून विचारलं नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाला." तो शर्टाच्या गुंड्या काढत होता, त्यातच गुंतून राहिला. पाणी कुणी विचारलं नव्हतं. बहिणीनं तो कोण होता हेही सांगितलेलं नव्हतं. त्यानं ठरवलं होतं बसमध्ये, आज बोलायचं. विचारायचं, का सांगितलं नाहीस मला? जवळ घ्यायचं.

तिनं कप पुढे ठेवला, पण कपावरचा हात काढला नाही. "बाबा, तुमच्यात शेजाऱ्यांना विचारतातच का हो? प्रत्येक वेळी?"

त्यानं वर बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नोकरीची भीती त्यानं हजारो चेहऱ्यांवर पाहिली होती, ती ही नव्हती. चौकशी झाल्याचं, ती नीट पार पडल्याचं तिला आत्यानं सांगितलं होतं. ही भीती वेगळीच होती. कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी कागदावर ते लिहिलेलं असेल, तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत, तिच्या बापाच्याच धंद्यातल्या माणसांच्या हातून फिरत, एक दिवस इथे येईल आणि बापाला कळेल. अकरा वर्षं ती हेच सांभाळत आली होती. त्याचा लिंबाचा वास सांभाळत आली होती.

"छे," तो म्हणाला. "पूर्वी विचारायचे. आता कुणाला वेळ आहे? दारावरची पाटी बघतात, बिल बघतात, निघतात."

"खरं?"

"बावीस वर्षं हेच करतोय मी. मला नाही माहीत होणार?"

तिनं श्वास सोडला. कपावरचा हात निघाला. चेहऱ्यावर रंग परत आला आणि ती हसली, लहानपणी हसायची तशी, आणि म्हणाली, "मग बरंय. तुम्ही चहा घ्या, मी तेवढी दोन भांडी घासून टाकते." ती मोरीशी बसली. तो झटकन उठला, म्हणाला, "राहू दे, मी घासतो, तू बस." ती म्हणाली, "अहो बाबा, तुम्हाला कुठे जमतंय," आणि नळ सोडला. तो तसाच उभा राहिला, अर्ध्या गुंड्या काढलेल्या शर्टात, आणि तिचे हात किती सराईतपणे चालतात ते पहिल्यांदाच बघू लागला.